घूं न करणारी वायर

आमच्या घरात गिटार आली ती सुनेबरोबर. लग्नानंतर ती घरात शिरली तेव्हा एका हातात कपड्यांची बॅग होती आणि पाठीवर लांबडी काळी पिशवी. शेजारणीने मला कोपराने ढोसून विचारलं, "सुनेच्या पाठीवर काय गं?" मी म्हणाले, "सामान." त्याहून जास्त मला बोलता आलं नाही, आणि खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं.

मला पहिल्यापासूनच बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण समोर माणूस असला की येत नाही. चौथीनंतर माझी शाळा सुटली तेव्हा आईला वाईट वाटलं. मला आतून जरा सुटल्यासारखं झालं, कारण वर्गात उभं राहून उत्तर देणं थांबलं. तेव्हापासून कुणी काही विचारलं की मी मान हलवते. मान हलवली की विचारणारा खूश होऊन पुढे जातो. इतकी वर्षं माझं सगळं त्यावर भागलं. फक्त एकदा बुधवार पेठेत भागलं नाही. ती गोष्ट मी कुणाला तोंडाने सांगणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

सुनेची गिटार विजेची आहे. तिला स्वतःचा आवाज नाही म्हटलं तरी चालेल. नुसती वाजवली तर कानाशी डास आल्यासारखं वाटतं. तिच्या पोटातून एक वायर निघते, ती स्पीकरच्या खोक्यात जाते, आणि मग त्या खोक्यातून जो आवाज निघतो तो आमच्या हडपसरच्या वसाहतीत चार घरं पलीकडे जातो. पहिल्या दिवशी आमचे हे दाढी करत होते. त्यांनी गालाला कापून घेतलं.

पण मला ती गिटार आवडली. त्याला एक कारण आहे. घरी पाहुणे आले की मला त्यांच्यासमोर बसून बोलावं लागायचं. काय बोलायचं ते सुचायचं नाही, मग मी परत परत चहा विचारायचे. सून आल्यापासून पाहुणे म्हणतात, "वाजव की गं जरा," आणि ती वाजवते. गिटार वाजत असताना कुणी कुणाशी बोलूच शकत नाही. मी फॉल-बिडिंगचं काम मांडीवर घेते आणि निवांत बसते.

सुनेला मात्र एवढ्यावर भागत नव्हतं. कॉलेजात तिची चौघांची मंडळी होती. कॉलेज संपलं, एक बंगळूरला गेला, एक परदेशी, एकीने वाजवणंच सोडलं. नंतर लग्न होईपर्यंत वर्षभर गिटार पिशवीतच होती. एकदा मेथी निवडताना मला म्हणाली, "आई, एकटीनं भिंतीला किती ऐकवायचं? काकांच्या मंडळींत घेतलं तर ठीक. नाहीतर विकून टाकते, घेणारा आहे एक." ती हसत बोलली, पण मेथीची काडी तिने टोपलीत टाकली आणि पानं कचऱ्यात. तेव्हा मला कळलं की ही खरंच विकेल.

काका म्हणजे माझे चुलत दीर. आम्ही त्यांना भाऊजी म्हणतो, बाकी वसाहत त्यांना घाबरते. दर बुद्धपौर्णिमेला विहारासमोर त्यांचा गाण्यांचा कार्यक्रम असतो. पेटी, ढोलकी, तबला, मागे चार-पाच आवाज आणि पुढे भाऊजी. त्यांचा आवाज असा की माईक बंद पडला तर त्यांना ते शेवटी कळतं. सुनेने त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी गिटारकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि म्हणाले, "ये. बघू."

"बघू" म्हणजे हो नव्हे, हे आम्हाला ठाऊक होतं. तिला नव्हतं. ती उड्या मारत घरी आली.

आणि त्याच आठवड्यात, पहिल्याच सरावाला, वायर बिघडली.

वायरीच्या दोन्ही टोकांना जाड पिना असतात. एक गिटारीत, एक खोक्यात. खोक्याकडची पिन जरा हलली की खर्र-खर्र असा आवाज यायचा, जुन्या रेडिओची खुंटी फिरवल्यासारखा. पिन एका बाजूला दाबून धरली की खरखर थांबायची. म्हणून काही दिवस मीच ती धरून बसले. सून वाजवायची, मी खोक्याजवळ मांडी घालून पिन धरायचे. नाक खाजलं तरी सोडायची सोय नव्हती. एकदा दारावर कुरियरवाला आला, मी उठले, आणि गाण्याच्या मधोमध असा स्फोट झाला की तो पार्सल उंबऱ्यावर ठेवून सहीशिवाय निघून गेला.

मग आमच्या ह्यांनी लक्ष घातलं. हे आयुष्यभर कारखान्यात वायरमन होते. रिटायर झाल्यापासून घरात काहीतरी बिघडण्याची वाट बघत असतात. त्यांनी पिनेला काळी टेप गुंडाळली. मग टेपेवर टेप. पिन अंगठ्याएवढी होती ती वांग्याएवढी झाली, खरखर तेवढीच राहिली.

"ही वायरच हलकी आहे," हे म्हणाले. "सुतळीसारखी बारीक. मी करून देतो एक."

सून म्हणाली, "बाबा, गिटारची वायर वेगळी असते."

"वायर ती वायर. करंट इकडून तिकडे गेला म्हणजे झालं. मी पंचवीस हॉर्सपॉवरच्या मोटारी जोडल्यात, तुझी गिटार काय मोठी लागून गेली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंखा लावायला गेले तर टेबलफॅनची वायर नाही. वैशाखातलं ऊन, पत्र्याखालचं घर, आणि पंखा नुसता शोभेला. ह्यांनी ती वायर मुळापासून काढून दोन्ही टोकांना नव्या पिना बसवल्या होत्या. काम अगदी सुबक. हाताला-कोपराला गुंडाळून, वर रबरबँड लावून त्यांनी ती सुनेच्या हातात दिली, जशी नव्या मोटारीची किल्ली द्यावी.

खरखर गेली, हे मान्य केलं पाहिजे. तिच्या जागी घूं आलं. न थांबणारं घूं. ट्यूब लावली की ते वाढायचं. शेजारणीने मिक्सर लावला की आमच्या खोक्यातून तो दळायला लागायचा. तिच्या घरी चटणी कधी झाली, इडलीचं वाटण कधी झालं, हे आम्हाला गिटारवरून कळू लागलं. कुणाचा फोन यायच्या आधी खोकं टिरटिर करायचं. हे म्हणाले, "बघ, आधी कळतं कुणाचा फोन येणार ते. फायदाच आहे."

सासऱ्यांनी हौसेने केलेली वस्तू, ती तशीच घेऊन सून रविवारी विहारात सरावाला गेली. मी मागे सतरंजीवर बायकांत बसले.

सरावाच्या आधी सगळे वंदना म्हणतात आणि मग थोडा वेळ डोळे मिटून शांत बसतात. सगळं शांत झालं. बाहेरची कुत्रीसुद्धा गप्प. आणि त्या शांततेत, अगदी पुढून, एका सुरात, घूंऽऽऽ.

माझ्या शेजारच्या आजी डोळे मिटूनच म्हणाल्या, "कोण गं इतकं छान धरतंय?"

मी मान हलवली. त्यांना दिसली नाही, ते बरं झालं.

भाऊजींनी एक डोळा उघडला. मग दुसरा. ध्यान संपेपर्यंत त्यांनी काही म्हटलं नाही, पण नंतर खोक्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही उशिरा आलेल्या ढोलकीवाल्याकडे पाहतायत.

"हे काय म्हणतंय?"

सून म्हणाली, "काका, वायर खराब आहे."

"मागच्या वेळी खर्र, या वेळी घूं. पुढच्या वेळी काय, म्याव?"

सगळे हसले. ढोलकीवाला जरा जास्तच हसला.

"हे बघ पोरी," भाऊजी म्हणाले, "कार्यक्रमाला लोक शब्द ऐकायला येतात. पुढच्या रविवारी परत तालीम. त्या दिवशी ह्या खोक्यातून गाण्याशिवाय दुसरं काही निघालं, तर यंदा गिटार नको. पुढच्या वर्षी बघू."

परत "बघू". या वेळी तिलाही अर्थ कळला. घरी येताना ती एक शब्द बोलली नाही. घरात दोघी न बोलणाऱ्या झाल्या की फार अवघड जातं. चहासुद्धा कुणी कुणाला विचारला नाही.

रात्रीच्या जेवणाला मी तिला वाढता वाढता म्हणाले, "चांगली वायर कुठे मिळते?" हे माझ्या मानाने मोठं भाषण होतं.

शनिवारी तिला सुट्टी होती. मुलगा चाकणला शिफ्टवर. हे म्हणाले, "मी येतो, मला वायरीतलं कळतं." सून पटकन म्हणाली, "नको बाबा, तुम्ही पंख्याचं बघा." मग ती मला म्हणाली, "आई, तुम्ही चला. मला एक माणूस लागतोच. वायर तपासायची तर एकानं वाजवायचं आणि दुसऱ्यानं पिन हलवायची." मी मान हलवली. वाजवायचं कुणी आणि हलवायचं कुणी, हे मी विचारायला हवं होतं.

स्कूटर तिने चालवली. गिटार तिच्या पाठीवर बसली तर मला बसायला जागा उरत नव्हती, म्हणून गिटार माझ्या पाठीवर आली. पदर घट्ट खोचलेला, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटच्या मागून वर आलेला गिटारचा दांडा. पुलगेटच्या सिग्नलला शेजारी कॉलेजच्या दोन मुली थांबल्या. माझ्याकडे बघून एकीने अंगठा वर केला आणि ओरडली, "आंटी, एकदम भारी!" मी सिग्नलकडे बघत राहिले. इतका लांब सिग्नल मी पुण्यात पाहिला नाही.

बुधवार पेठेत पहिल्या दुकानात वायरी पाकिटात होत्या. सोनेरी पिना, वर चकचकीत चित्रं. मला त्यातली एक फार आवडली. सून म्हणाली, "लावून बघता येईल का?" दुकानातला पोरगा म्हणाला, "पाकीट फोडलं की घ्यावी लागेल." सून म्हणाली, "साडीसुद्धा उलगडून दाखवतात." तो म्हणाला, "मग साडी घ्या." आम्ही बाहेर पडलो.

दुसरं दुकान वाद्यांचं होतं. खाली पेट्या आणि तबले, वर छताला टांगलेल्या गिटारी. मालक म्हातारे, चष्मा नाकाच्या टोकावर. पेपर वाचत होते, तो त्यांनी बाजूला केला नाही, फक्त थोडा खाली केला.

"बोला."

"गिटारची वायर हवीय. चांगली."

"वाईट आम्ही ठेवत नाही."

"म्हणजे घूं न करणारी," सून म्हणाली आणि तिने ह्यांनी केलेली वायर काउंटरवर ठेवली.

त्यांनी ती दोन बोटांनी उचलली, उंदराची शेपटी उचलावी तशी. पिना बघितल्या, वायर चोळून बघितली.

"कुणी केली?"

"सासऱ्यांनी."

"घरचा पंखा बंद असेल."

सून तोंडाला रुमाल लावून हसायला लागली. मी पंख्याची बाजू घ्यावी की ह्यांची, मला ठरवता येईना.

"काम छान आहे त्यांचं," ते म्हणाले. "पंखा उत्तम चालेल. पण असं आहे, गिटारमधून जे निघतं ते अगदी नाजूक. वाटेत जो भेटेल तो त्यात घुसतो. ट्यूब, मिक्सर, मोबाइल. म्हणून आतल्या तारेभोवती तांब्याची विणलेली जाळी लागते, पाहुण्यांना बाहेर अडवायला. ह्या वायरीत दोन तारा आहेत आणि दार सताड उघडं." मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. गिटार अजून माझ्याच पाठीवर होती. "मावशी, आपण वाजवता वाटतं?"

मी मान हलवली.

सवयीने. परका माणूस, थेट मलाच प्रश्न, मान आपोआप हलली. हलवल्यावर मला कळलं की मी काय कबूल केलं. मी सुनेकडे पाहिलं, आता ही सांगेल म्हणून. तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

"हो, आईच वाजवतात," ती म्हणाली.

म्हाताऱ्यांनी पेपर घडी करून ठेवला. "वा. किती वर्षं झाली?"

ह्याला मान हलवून भागत नव्हतं. सून म्हणाली, "सांगत नाहीत त्या. फार साध्या आहेत."

"बसून वाजवता की स्टेजवर फिरून?"

मी मान हलवली.

"फिरून?"

मी परत हलवली. आता थांबवायची कशी तेच कळेना.

"मग लांब लागेल वायर."

"नाही नाही, बसूनच," सून मध्ये पडली. "फिरतात त्या, पण आता गुडघे दुखतात."

"तर मग बेताची घ्या. उगाच लांब घ्यायची नाही. वायर जितकी लांब तितकी आवाजाची धार कमी." मला हे पटलं नाही. मी कापड नेहमी थोडं जास्तच घेते. पण वाद घालायचा तर तोंड उघडावं लागलं असतं.

त्यांनी चार वायरी काढल्या, एक खोकं सुरू केलं आणि एक स्टूल पुढे ओढलं. "बसा मावशी. वाजवा."

मी सुनेला हळूच म्हणाले, "अगं, घरी चल."

ती माझ्या गळ्यात पट्टा घालत कानाशी म्हणाली, "आई, नुसता वरून खाली हात फिरवा. थांबू नका. मी पिन हलवते."

"आणि दुसरा हात?"

"कुठेही ठेवा."

मी तो पदरावर ठेवला. उजवा हात तारांवरून फिरवला, इस्त्रीआधी कापडाची सुरकुती काढतो तसा. खोक्यातून झ्यांग असा आवाज आला. पेटीवर बसलेली माशी उडाली. दुकानात भजनाचे टाळ घ्यायला आलेले एक गृहस्थ मागे वळले.

"मावशी, आधी सुरात लावून घ्यायची का?" मालकांनी विचारलं.

"त्यांची हीच पद्धत आहे," सून खोक्यामागून म्हणाली.

झ्यांग. झ्यांग. झ्यांग. मी जमिनीकडे बघून हात फिरवत होते. पहिल्या वायरीची पिन सुनेने हलवली आणि खर्र झालं. बाद. दुसरी जाड, वरून कापडी विणीची, दिसायला इतकी देखणी की मी मनात तीच घेतली होती. पिन हलवली तर गप्प. पण सुनेने वायर जमिनीवर जरा आपटली आणि खोक्यातून धप्प आलं. "ही पाय लागला की बोलते," मालक म्हणाले. आमच्या विहारात स्टेजवर दहा पोरं इकडून तिकडे पळतात. बाद. तिसरी इतकी ताठ की सरळ केली तरी परत स्वतःच वेटोळं घालून बसायची. स्टेजवर कुणाच्याही पायात गेली असती.

चौथी काळी, साधी, काही नक्षी नाही. हाताला मऊ. मालकांनी तिची पिन फिरवून उघडून दाखवली. आत सोल्डर चकचकीत, आणि वायरीला दोन धातूच्या पकडींनी धरलेलं. "ओढ बसली तर ह्या पकडीवर बसते, जोडावर नाही. ज्या पिना उघडत नाहीत त्यांच्या आत काय आहे ते देवाला माहीत. बिघडल्या की फेकायच्या. ही बिघडली तर तुमचे सासरे दुरुस्त करतील." मग म्हणाले, "मावशी, आता वाजवू नका."

माझ्यावर फार उपकार झाले. मी हात वर धरून बसले. सुनेने खोक्याचा आवाज सगळा वाढवला. आम्ही सगळे ऐकत राहिलो, टाळवाले गृहस्थसुद्धा. आतून बारीक हवा गेल्यासारखं काहीतरी, बाकी काही नाही. रस्त्यावरच्या रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. सुनेने पिन हलवली, वायर आपटली, तिच्यावर पाय दिला, मोबाइल लावून जवळ नेला. काही नाही. ती खोक्यामागे उकिडवी बसली होती तिथून तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिचं तोंड परीक्षेचा निकाल लागल्यासारखं झालं होतं.

"ही द्या," ती म्हणाली.

"द्यायला ठेवल्यातच," मालक म्हणाले. वायर सैल गोल करून पिशवीत घालताना त्यांनी बजावलं, "कोपराला गुंडाळायची नाही. आतली जाळी तुटते. अशी सैल, मोठी वेटोळी." मग मला, "कार्यक्रम कधी आहे आपला?"

या वेळी मान हलवण्यात अर्थ नव्हता. मी म्हणाले, "पौर्णिमेला."

"छान वाजवता हो," टाळवाले गृहस्थ म्हणाले. त्यांना दोन टाळांतले कुठले घ्यावेत ते अर्धा तास कळत नव्हतं, हे मी बघितलं होतं, त्यामुळे मी ते फार मनाला लावून घेतलं नाही.

घरी आल्यावर सुनेने ह्यांना सगळं सांगितलं, माझ्या वाजवण्यासकट. हे इतके हसले की खोकला लागला. मग ती गंभीरपणे सांगायला लागली, "बाबा, चांगली वायर म्हणजे स्वतः काही बोलत नाही. जे द्यायचं ते गुपचूप पोचवते."

"मग बाहेरून कशाला आणली?" माझ्याकडे बघत हे म्हणाले. "घरात आहे की एक."

मी स्वयंपाकघरात गेले. बाहेर आले तर ह्यांच्या हातात नवी वायर. पिन उघडलेली, चष्मा कपाळावर, दातांत स्क्रूड्रायव्हर.

सून किंचाळली, "बाबा!"

"आत काय आहे ते बघतो फक्त."

"अहो, ठेवा ती," मी म्हणाले.

"जाळी आहे खरंच," हे हळूच म्हणाले. वळवून वळवून बघितली. "आमच्याकडे एका मशीनला अशी यायची. आम्ही ती जाळी कापून टाकायचो. वाटायचं, कंपनीनं उगाच घातलीय." चष्मा कपाळावरून खाली घेतला. "ते मशीन कधी धड चाललं नाही."

त्यांनी पिन परत बंद केली. सुनेने लावून बघितली, वाजली. पण उघडलेल्या वस्तूचा काय भरवसा? रात्रभर तिच्या डोक्यात तीच पिन होती, असं तिच्या डोळ्यांवरून सकाळी कळत होतं. माझ्याही होतीच.

रविवारी हे सुद्धा विहारात आले. एरवी येत नाहीत. दारातच उभे राहिले, चपला न काढता, म्हणजे वेळ आली तर निघता यावं.

वंदना झाली. डोळे मिटले. मी एक मिटला, एक खोक्यावर ठेवला. शांत. पंखे फिरत होते तेवढाच आवाज. पुढून घूं नाही, खर्र नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, "आज आला नाही वाटतं तो."

ध्यान संपलं. भाऊजींनी इकडेतिकडे पाहिलं. "गिटार कुठंय?"

"ही काय काका."

"चालू कर मग."

"चालूच आहे."

"कसली चालू? आवाज कुठंय?"

सुनेने तारा छेडल्या. काही आलं नाही. परत छेडल्या. डासाएवढा आवाज, तोही तारांचाच. ती खोक्याकडे धावली, पिन काढली, लावली, परत छेडल्या. काही नाही. ढोलकीवाल्याने ढोलकी मांडीवर घेतली, म्हणजे चला, आपलं सुरू करू. मी दाराकडे बघितलं. हे छताकडे बघत होते, जसं काही तिथे वायरिंग तपासायला आले आहेत. सून परत जागेवर आली. मला वाटलं, झालं, आता घेणाऱ्याला फोन जाणार.

मी उठले. का उठले ते माहीत नाही. त्या सगळ्या माणसांमधून पुढे गेले आणि सुनेजवळ जाऊन खाली वाकले. दुकानात ती गिटार मांडीवर असताना मी सगळा वेळ मान खाली घालून होते. माणसांकडे बघवत नव्हतं म्हणून गिटारीवरची बटणंच बघत बसले होते. त्यातल्या मोठ्या बटणाचा पांढरा ठिपका तेव्हा वर होता. आता खाली होता. मी बोटाने दाखवलं.

सुनेने बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आई गं! वंदनेत घूं होईल म्हणून मीच बंद केलं होतं!"

तिने बटण फिरवलं, हात फिरवला, आणि आवाज आला. तसा आवाज मी त्या खोक्यातून आधी ऐकला नव्हता. स्वच्छ, एकेक तार सुटी, धुतलेल्या भांड्यासारखा. आजी दचकल्या. भाऊजी काही न बोलता पेटीवाल्याकडे वळले आणि म्हणाले, "घ्या."

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं. दुसऱ्यात भाऊजींनी एकदम हात वर केला. सगळे थांबले.

"तू काय वाजवलंस आत्ता?"

सून म्हणाली, "जे नेहमी वाजवते तेच, काका."

"तिथं खाली उतरायचंय. तू वर चढतेस."

"मी नेहमी असंच वाजवते."

"म्हणजे नेहमीच चुकत होतीस?"

"आधी... वायरीमुळं कळलं नसेल."

"मग वायरीचे आमच्यावर उपकार होते म्हणायचे."

सगळे हसले. सून नाही हसली. तिने विचारलं, "काका, पण मी आहे की नाही कार्यक्रमात?"

भाऊजींनी तिच्याकडे असं बघितलं, जसं काही तिने दिवस आहे की रात्र असं विचारलं. "नसतीस तर चूक कशाला सांगत बसलो असतो? ढोलकीवाला तीन वर्षं चुकतोय, रोज सांगतो त्याला. उद्या सातला ये. सव्वासात म्हणजे सात नव्हे."

दारात ह्यांनी चपला काढल्या आणि आत येऊन बसले.

पौर्णिमेला विहारासमोर एवढी गर्दी की सतरंज्या पुरल्या नाहीत. सुनेने पांढरी साडी नेसली होती, त्यावर गिटार. मी स्टेजच्या कडेला खोक्यामागे बसले, पोरांचे पाय वायरीवर पडू नयेत म्हणून. तिथून मला फक्त पाठी दिसत होत्या, ते मला बरं वाटलं. पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्या कडव्यात, जिथे खाली उतरायचं, तिथे सून वर चढली. सात दिवस उतरायचा सराव करून बरोबर वर चढली, आणि त्या स्वच्छ वायरीतून ते सगळ्या वसाहतीला ऐकू गेलं.

भाऊजींची पाठ ताठ झाली. मला वाटलं, थांबवतात. पण त्यांनी श्वास घेतला आणि स्वतःही तिच्या मागोमाग वर चढले, इतके वर की शिरा ताणल्या असतील. पेटीवाला गोंधळून मागे धावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या आल्या, आणि "पुन्हा! पुन्हा!" सुरू झालं. भाऊजींनी मागे वळून सुनेकडे बघितलं. बघणं रागाचंच होतं. मग तेच कडवं त्यांनी परत घेतलं, आणि परत वरच चढले.

आता ते तसंच म्हणतात. नवीन पोरं मंडळींत आली की भाऊजी त्यांना शिकवतात, "इथं वर चढायचं, खाली उतरलात तर याद राखा." सून गिटार मांडीवर घेऊन शेजारी बसलेली असते आणि तेव्हा फार लक्ष देऊन तारा पुसत असते.